अनुप्रासाचें सुख

काव्यालंकारांपैकीं ज्यांच्या वांट्याला आज सर्वांत अधिक उपेक्षा आली आहे, त्यांत अनुप्रासाचा क्रम पहिला लागेल. उपमा-रूपकांना अजून प्रतिष्ठा आहे. त्यांना 'प्रतिमा' हें नवें नांव मिळाल्यापासून ती थोडी वाढलीच आहे. अनुप्रासाला असें नवें नांव लाभलें नाहीं. शाळेंत त्याची व्याख्या पाठ करावयाची, परीक्षेंत दिलेल्या ओळींतील सारखीं अक्षरें अधोरेखित करून गुण मिळवावयाचे, आणि शाळा सुटली कीं त्याला कायमचें विसरावयाचें, एवढाच काय तो आपला त्याच्याशीं संबंध उरला आहे. एखाद्या परीक्षणांत 'कवीला अनुप्रासाची आवड दिसते' असें वाक्य आलें, तर तें स्तुतीचें आहे असें कोणी समजत नाहीं. आमच्या मतें ही उपेक्षा अन्यायाची तर आहेच, पण ती कवितेला घातकहि आहे. योग्य हातीं पडलेला अनुप्रास कवीला त्याच्या अर्थाकडे घेऊन जाणारा वाटाड्या असतो. आणि ज्या सुखासाठीं त्याची हौस धरावी, तें सुख कानाचें जितकें आहे तितकेंच बुद्धीचेंहि आहे. हें आमचें म्हणणें येथें थोड्या विस्तारानें मांडण्याचें योजिलें आहे.

आमच्या आलंकारिकांनीं अनुप्रासाची व्यवस्था मोठ्या बारकाईनें लाविली आहे. व्यंजनें सारखीं असलीं म्हणजे पुरे, त्यांवरील स्वर निराळे असले तरी चालतील, हा मम्मटादिकांचा सर्वसामान्य सिद्धांत. विश्वनाथानें 'साहित्यदर्पणां'त छेक, वृत्ति, श्रुति, अंत्य आणि लाट असे त्याचे पांच प्रकार मानले. या नांवांनीं बिचकून जाण्याचें कारण नाहीं. व्यंजनांचा समूह त्याच क्रमानें एकदां फिरून आला तर तो छेकानुप्रास. तेंच व्यंजन अनेकदां आलें तर वृत्त्यनुप्रास. मराठींत ज्याला आपण सैलपणें यमक म्हणतों तो बहुतेक ठिकाणीं अंत्यानुप्रास. आणि शब्द व त्याचा अर्थ कायम राहून तात्पर्य तेवढें बदललें तर लाटानुप्रास. या सर्वांत सूक्ष्म प्रकार श्रुत्यनुप्रासाचा. त्यांत तेंच अक्षर परत यावें लागत नाहीं. मुखांतील एकाच स्थानीं उच्चारलीं जाणारीं अक्षरें शेजारीं आलीं म्हणजे झालें. 'निथळतें दंव' हे दोनच शब्द घ्या. न, थ, त, द हीं चार निराळीं अक्षरें आहेत; पण चारहि दंत्य असल्यामुळें जीभ दांतांपाशींच घोटाळत राहते, आणि कोणतेंहि अक्षर मोठ्यानें पुढें न येतां दोन्ही शब्दांना एक मऊ एकसूरपणा येतो. वैदर्भ आणि गौड या दोन मार्गांतील भेद सांगतांना दंडीनें वैदर्भांना हा श्रुत्यनुप्रास प्रिय आणि गौडांना ढळढळीत वर्णानुप्रास प्रिय, असा विवेक केला आहे. म्हणजे अनुप्रास कोठें कुजबुजतो आणि कोठें ओरडतो, हा प्रश्न सुमारें तेराशें वर्षांपूर्वींच आपल्याकडे चर्चिला गेला होता.

परंतु शास्त्राकडे जाण्याचीहि फारशी गरज नाहीं. अनुप्रास ही कवींची मिरासदारी नसून तो आपल्या घरांतलाच आहे. केरकचरा, कामकाज, काटकसर, गोरगरीब, सगेसोयरे, वाडवडील, दीनदुबळा, मानमरातब, भाजीभाकरी, पाटपाणी, हे शब्द कोणत्याहि कवीनें घडविलेले नाहींत. बोलणाऱ्यांच्या तोंडीं पिढ्यान्‌पिढ्या घोळतां घोळतां ते जोडीजोडीनें एकत्र राहूं लागले. 'गोरगरीब' म्हटल्यानें 'गरीब' याहून निराळा अर्थ निघतो काय? कोशकाराला तो दिसणार नाहीं. पण 'गरिबांना जेवूं घातलें' आणि 'गोरगरिबांना जेवूं घातलें' या दोन वाक्यांतील दुसऱ्यांत पंक्ति लांबलेली दिसते, हें कोणताहि मराठी मनुष्य सांगेल. म्हणींचेंहि तसेंच आहे. 'कोल्हा काकडीला राजी' या म्हणींत कोल्ह्याच्या जागीं लांडगा घालून पाहा. लांडगा कांहीं कोल्ह्यापेक्षां काकडीचा कमी भोक्ता आहे असें नाहीं. तरीहि म्हण तत्काळ लंगडी होते. क-काराच्या बळावर कोल्हा आणि काकडी यांचें जें नातें जुळलें होतें तें तुटतें, आणि उरतें तें एक संशयास्पद विधान. अक्षरांच्या साम्यानें दोन वस्तूंचें आप्तपण पटवून देणें, ही अनुप्रासाची मूळ शक्ति होय. तिचा सदुपयोगहि होतो आणि दुरुपयोगहि होतो. दुरुपयोगाकडे आपण शेवटीं वळूं.

कानाच्या सुखाविषयीं फार बोलावयास नको. समर्थांचें मारुतिस्तोत्र ज्या घरांत संध्याकाळीं म्हटलें जातें, त्या घरांतील मुलाला त्यांतील निम्म्या शब्दांचा अर्थ ठाऊक नसतो. पण त्यांतले भ-कार, म-कार आणि जोडाक्षरांचे आघात यांमुळें बळ म्हणजे काय हें त्याला अर्थाच्या आधींच समजतें. आलंकारिक ज्याला परुषा वृत्ति म्हणतात ती हीच. ज्ञानेश्वरांनीं सहाव्या अध्यायांत आपल्या बोलांविषयीं जी प्रतिज्ञा केली आहे, तिचा आशय असा कीं, या शब्दांच्या रसाळपणाच्या लोभानें कानांनाच जिभा फुटतील आणि इंद्रियांत आपसांत भांडण लागेल. अक्षराचें सुख तें ऐकण्याचें कीं चाखण्याचें, असा संभ्रम उत्पन्न व्हावा, हें त्याचें परिपक्व लक्षण आहे. अनुप्रास नुसता ऐकूं येत नाहीं. तो ओठांना, टाळूला, दांतांना जाणवतो. डोळ्यांनीं कविता वाचणाऱ्याला यांतलें निम्मेंहि मिळत नाहीं.

येथें मराठीच्या स्वभावाचा थोडा विचार करणें इष्ट आहे. प्राचीन इंग्रजी काव्यांत, उदाहरणार्थ 'बेओवुल्फ'मध्यें, अनुप्रास हा केवळ अलंकार नसून रचनेचा नियमच होता. ओळीच्या दोन अर्धांना आघातयुक्त अक्षरांचें साम्य एकत्र बांधून ठेवी. त्या भाषेंत शब्दाच्या बहुधा आरंभावर जोराचा आघात पडत असल्यामुळें आरंभींचें अक्षर नगाऱ्यावरील टिपरीप्रमाणें वाजे. मराठींत असा प्रबळ आघात नाहीं. त्यामुळें आपल्याकडे अक्षर शब्दाच्या आरंभीं आलें काय किंवा पोटांत आलें काय, कानाला तें सारखेंच सांपडतें. ओळींतील प्रत्येक शब्द एकाच अक्षरानें सुरू करण्याची जी हौस नवशिक्या कवींत दिसते, ती या दृष्टीनें मराठीला परकी आहे. मराठी अनुप्रास शब्दांच्या आंत शिरून राहतो, आणि तेथेंच तो अधिक शोभतो.

दुसरी गोष्ट आपल्या लिपीची. देवनागरी ही उच्चारानुसारी लिपि आहे असें आपण अभिमानानें म्हणतों, पण च आणि ज या अक्षरांच्या बाबतींत ती आपल्याला चकविते. 'चंद्र' यांतील च तालव्य आहे. 'चांदणें' यांतील च दांतांपाशीं उच्चारला जातो. कागदावर चंद्र आणि चांदणें हीं सख्खीं भावंडें दिसतात. कानाला तीं चुलत आहेत. 'चिमणीची चोच' या दोन शब्दांत चार च-कार आहेत, पण पहिले दोन एका जातीचे आणि पुढले दोन दुसऱ्या जातीचे. कसलेला कवि या भेदाचाहि उपयोग करून घेतो. डोळ्यांनीं लिहिणारा कवि मात्र चार च-कार जमले म्हणून समाधान मानतो आणि ओळ म्हणून पाहत नाहीं. अनुप्रास कानासाठीं आहे हें विसरलें म्हणजे तो अक्षरगणितांत जमा होतो, आणि परीक्षेंतील अधोरेखनापेक्षां त्याची किंमत अधिक राहत नाहीं.

आतां कवीच्या स्वतःच्या सुखाकडे वळूं. वाचकाला सिद्ध झालेली ओळ मिळते. ती सिद्ध होतांना अक्षरानें काय काय केलें हें कवीलाच कळतें. केवळ उदाहरणापुरत्या दोन ओळी आम्ही येथें जुळवून घेतों; त्यांना कविता म्हणण्याचा आमचा आग्रह नाहीं. पावसाची सर येऊन गेली आहे आणि घराच्या पुढल्या भागांत ओलावा राहिला आहे, एवढाच मजकूर सांगावयाचा आहे. पहिला प्रयत्न असा होईल:

ओसरली ओली सर,
ओटीवर ओल राही.

ओ-काराची आवड येथें उघड दिसते. पण 'ओली सर' म्हणजे काय? कोरडी सर कोणी पाहिली आहे? 'ओली' हें विशेषण ओ-कारासाठीं भरतीला घेतलें आहे. तें अर्थाचें कांहीं काम करीत नाहीं. तें काढून टाकलें, आणि घराच्या पुढल्या भागाला पडवी, ओटी, ओसरी अशीं जीं नांवें आहेत तीं एकेक लावून पाहिलीं, तर ओळी अशा होतात:

ओसरली सर आतां,
ओसरीला ओल राही.

ओ-कार आतां कमी झाले आहेत, पण दुसरेंच कांहीं घडलें आहे. 'ओसरली' या क्रियापदाच्या पोटांत 'सर' आहे, आणि 'ओसरी' या नामाच्या पोटांतहि तीच अक्षरें आहेत. पाऊस निघून गेला. पण ज्या जागीं तो ओल ठेवून गेला त्या जागेच्या नांवांतहि तो शिल्लक राहिला. जें गेलें तें सर्वस्वीं गेलें नाहीं, हा भाव आम्ही आरंभीं योजिलेला नव्हता. आम्हांला एक साधी बातमी सांगावयाची होती. तो भाव अक्षरांनीं आणला. व्युत्पत्तिशास्त्रज्ञ या तीन शब्दांचें कूळ एक मानोत कीं न मानोत, कवितेपुरते ते आतां एका कुळाचे झाले. 'ओसरीला'च्या जागीं 'पडवीला' घातलें तरी अक्षरसंख्या तीच राहील आणि बातमीहि तीच राहील. जाईल तें एवढेंच, आणि त्या एवढ्यासाठींच ओळी लिहावयाच्या असतात. अनुप्रासाचें कवीला होणारें खरें सुख हेंच. आपण शब्द शोधीत असतां भाषा आपल्याला शोधीत आली, असा तो अनुभव आहे. वृत्त आणि यमक कवीला अडवितात आणि त्या अडविण्यानें त्याला नव्या वाटेला लावितात; अनुप्रासहि तेंच करतो, फक्त अधिक हळुवारपणें, कारण त्याचें पालन करण्याची सक्ति कोणीच केलेली नसते.

मात्र वाटाड्याच्या मागें डोळे मिटून जाणाऱ्याचा कडेलोटहि होतो. 'कडाडली काळी वीज' अशी ओळ कोणी लिहिली, तर विजेला काळी कोणी केलें हें सांगावयास नको, क-कारानें केलें. अक्षर शब्दाला बोलावूं शकतें. त्याला घरांत घ्यावयाचें कीं नाहीं हें अर्थानें ठरवावयाचें असतें. आनंदवर्धनानें नवव्या शतकांत 'ध्वन्यालोकां'त या विषयाचा जो निवाडा केला, तो आजहि फिरवावा असें आम्हांस वाटत नाहीं. शृंगार प्रधान असतांना एकाच साच्याचा अनुप्रास यत्नपूर्वक चालवीत राहिल्यास तो रसाला प्रकाशित करीत नाहीं, असें तो सांगतो. आणि रसाच्या ओघांतच जो साधतो, ज्यासाठीं वेगळा प्रयत्न करावा लागत नाहीं, तोच खरा अलंकार, अशी त्याची कसोटी आहे. ही कसोटी अनुप्रासाच्या विरुद्ध आहे असा पुष्कळांचा समज दिसतो. तो चुकीचा आहे. तिनें अनुप्रासाला हद्दपार केलें नाहीं; त्याच्यावर जबाबदारी टाकली.

या कसोटीला मराठींतील सर्वांत मोठा अक्षरप्रभु लावून पाहिला पाहिजे. मोरोपंत १७२९ सालीं पन्हाळगडावर जन्मले आणि १७९४ सालीं बारामतीस निवर्तले. समग्र महाभारत त्यांनीं आर्यावृत्तांत आणलें, आणि आर्येच्या दोन्ही अर्धांना यमकांनीं बांधण्याचा नेम अखेरपर्यंत चालविला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 'निबंधमाले'त (१८७४–१८८१) त्यांच्या कवितेची बाजू हिरीरीनें मांडली. पुढें केशवसुतांच्या (१८६६–१९०५) बरोबर जी नवी कविता आली तिच्या चाहत्यांनीं पंतांना शब्दांचे कारागीर ठरवून बाजूला सारलें. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं कवि एकसंध मानला, येथें घोटाळा झाला. कीर्तनांत ऐकली जाणारी आर्या आणि एकांतांत वाचली जाणारी आर्या या दोन निराळ्या वस्तू आहेत. पहिल्या अर्धाच्या शेवटीं कानांत बसलेला ध्वनि दुसऱ्या अर्धाच्या शेवटीं परत येणार, हें श्रोत्याला ठाऊक असतें. तो कोणत्या वेषानें येतो तें पाहण्याचा त्याचा आनंद निर्मळ आहे. पण त्या वेषासाठीं जेथें पंतांना दूरच्या संस्कृत शब्दाची आळवणी करावी लागली, तेथें पात्र बोलावयाचें थांबतें आणि पंत बोलूं लागतात.

या अक्षरप्रभुत्वाचा कळस म्हणजे त्यांचें 'निरोष्ठ रामायण'. त्यांत ओष्ठ्य वर्ण वर्ज्य आहेत. म्हणजे म-कार वर्ज्य, आणि म्हणून 'राम' हें नांवच उच्चारावयास बंदी. रामाचें नांव न घेतां रामकथा सांगण्याच्या या धाडसाबद्दल कौतुक वाटतें, पण वाचकाच्या मनांत 'कशासाठीं?' हा प्रश्न उरतोच. दंडीच्या 'दशकुमारचरितां'त असाच एक प्रसंग आहे. सातव्या उच्छ्वासांत मंत्रगुप्त आपली सगळी हकीकत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो. कारण प्रेयसीच्या दंशानें त्याचा ओठ दुखावला आहे. येथें वर्ज्य अक्षरें हीच एक गोष्ट सांगतात. ओठाला ओठ न लावतां बोलणारा मनुष्य आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो, आणि हसूं येतें. नियम दोघांनींहि पाळला. एकानें अक्षरांवरील आपली सत्ता दाखविली, दुसऱ्यानें ती कथेच्या चाकरीला लाविली. अनुप्रासाच्या बऱ्यावाईटाचा निवाडा याच एका भेदानें करावा.

पंतकाव्याविरुद्ध जें बंड झालें तें आवश्यकच होतें. त्या बंडांतील मोठ्या कवींनीं नाद टाकला नाहीं, हें मात्र विसरतां कामा नये. बालकवि आणि तांबे यांच्या कविता ज्यांनीं मोठ्यानें म्हटल्या आहेत त्यांना याचा पुरावा नको. मर्ढेकरांनीं 'कांहीं कविता' (१९४७) या संग्रहांत यंत्रयुगांतील शहराचें वैफल्य जुन्या ओवी-अभंगांच्या चालींत ओतलें, आणि तेथें कर्कश अक्षरांची ठोकाठोक हा त्या वैफल्याचाच आवाज झाला. अनिलांनीं रूढ केलेला मुक्तछंद पुढें मराठींत सर्वत्र पसरला. वृत्त गेलें, यमक गेलें. मग गद्य आणि कविता यांतील सीमारेषा राखावयाची कोणी? जी कविता ठरलेला ताल सोडते तिला आंतल्या नादाची गरज अधिकच भासते. म्हणून आमचें असें मत आहे कीं, अनुप्रासाची जरूर मोरोपंतांना जेवढी नव्हती तेवढी आजच्या मुक्तछंदकाराला आहे. पंतांची ओळ यमकानें तरी उभी राहिली असती. याची ओळ अक्षरांनीं एकमेकांना धरिलें नाहीं तर कागदावर नुसती तुटलेली दिसते.

आणि कवितेनें घराबाहेर काढलेला अनुप्रास कांहीं मरत नाहीं. तो दुसऱ्याच्या घरीं नोकरीस राहतो. जाहिरातींत तो आहे, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तो आहे, निवडणुकीच्या घोषणांत तर तो मुबलक आहे. कोल्हा आणि काकडी यांचें नातें जोडणारी जी शक्ति आपण वर पाहिली, तीच येथें विकावयाची वस्तु आणि सौख्य, उमेदवार आणि उत्कर्ष यांचें नातें जुळवून देते. सारखीं अक्षरें कानांवर पडलीं कीं मन अर्धी संमति देऊन मोकळें होतें. पुरावा मागण्याची त्याला आठवण राहत नाहीं. ज्या वाचकानें चांगल्या कवितेंत 'हें अक्षर अर्थ घेऊन आलें कीं नुसतेंच आलें?' असें विचारावयाची संवय लाविली आहे, तोच घोषणेपुढेंहि हा प्रश्न विचारील. ज्याला अनुप्रास केवळ अधोरेखित करावयास शिकविलें, तो त्याला भुलेल. काव्याच्या अभिरुचीचा आणि नागरिकाच्या सावधपणाचा असा संबंध आहे, आणि म्हणून हा विषय आम्हांला केवळ अलंकारशास्त्राचा वाटत नाहीं.

उपाय मोठा खर्चाचा नाहीं. घरांत मुलांच्या देखत कविता मोठ्यानें वाचाव्या. सारखीं अक्षरें मोजावयास सांगण्याऐवजीं एखादा शब्द बदलून ओळ पुन्हा म्हणावी, आणि काय गेलें तें त्यांनाच विचारावें. कांहींच गेलें नाहीं असें तीं म्हणालीं, तर एकतर तो अनुप्रास पोकळ असेल किंवा बदललेला शब्द मूळ शब्दापेक्षां सरस असेल. दोन्ही शोध सारखेच लाभाचे आहेत. आणि कांहीं गेलें असें वाटलें, पण काय गेलें तें नेमकें सांगतां आलें नाहीं, तर घाई करूं नये. ओळ आणखी एकदां म्हणावी.